‘समीक्षा’ म्हणजे नेमके काय? टीका आणि परीक्षण यांपेक्षा ती वेगळी कशी?

समीक्षा म्हणजे एखाद्या कलाकृतीचे किंवा विचाराचे गुण-दोष दोन्ही तपासून, कारणे देऊन केलेले मूल्यमापन; नुसत्या चुका काढणे म्हणजे समीक्षा नव्हे. शब्द संस्कृतातला: ‘सम्’ म्हणजे नीट, पूर्णपणे आणि ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे. परीक्षण त्यामानाने आटोपशीर. शुक्रवारी सिनेमा लागला की रविवारपर्यंत पेपरात येते ते परीक्षण. पाहावा की नाही, एवढे वाचकाला कळले की त्याचे काम झाले. समीक्षेला अशी घाई नसते, ती चाळीस वर्षांपूर्वीच्या कादंबरीचीही होते.

खरा घोळ ‘टीका’ने घातला आहे. तिचा मूळ अर्थ ग्रंथ उलगडून सांगणारे विवरण. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका, ती याच अर्थाने. आज मात्र ‘विरोधकांनी सरकारवर टीका केली’ म्हटले की झोडपणेच डोळ्यांपुढे येते. वाक्यात बसवताना एवढे पाहा:

- टीका कशावर तरी होते: ‘अर्थसंकल्पावर टीका’.
- समीक्षा कशाची तरी होते: ‘कवितासंग्रहाची समीक्षा’. ‘संग्रहावर समीक्षा केली’ हे कानाला खटकते.

मात्र जुन्या साहित्यचर्चेत ‘टीकाकार’ हा शब्द समीक्षक याच अर्थाने सर्रास सापडतो, तिथे निंदेचा सूर शोधू नका. आणि कचेरीत होते ती आढावा बैठक. तिला ‘समीक्षा बैठक’ म्हणणे हे हिंदीचे वळण.