तांदळाच्या ड्रममधली गोळी

प्रश्न : मिरगाआधी पन्नास किलो उकडे तांदूळ भरले. पावसात सोंडे होतात म्हणून ओळखीच्या दुकानदाराने कागदाच्या पुडीत दोन सुट्या गोळ्या दिल्या. त्या फडक्यात बांधून ड्रममध्ये टाकल्या. ड्रम निजायच्या खोलीला लागून असलेल्या कोठीत आहे. कालपासून लसणासारखा वास येतो. धोका आहे का? (सत्तरी)

उत्तर : आहे. हा प्रश्न अंक निघेपर्यंत ठेवण्यासारखा नव्हता, म्हणून विचारणाऱ्या वाचकांना आधीच कळवले : जाता जाता दारेखिडक्या उघडा, सगळे घराबाहेर पडा, ड्रमचे झाकण काढू नका, अग्निशमन दलाला फोन करा. आता कारण.

ही गोळी अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईडची. ३ ग्रॅम वजन, त्यात ५६ टक्के विष. गोळी स्वतः किडे मारत नाही. हवेतली किंवा धान्यातली ओल लागली की तिच्यातून फॉस्फिन वायू निघतो, एका गोळीतून सुमारे १ ग्रॅम. आपल्याकडे जूनपासून मीठसुद्धा पाझरते, तेव्हा ओल शोधायला लांब जावे लागत नाही. १ ग्रॅम म्हणजे पाऊण लिटरपेक्षा थोडा कमी वायू. लांबी, रुंदी, उंची तीन-तीन मीटर असलेल्या बंद खोलीत तेवढा पसरला, तर हवेच्या दहा लाख भागांत पंचवीसच्या आसपास भाग फॉस्फिन होतो. कामगारांसाठी आठ तासांची मर्यादा आहे ०.३. म्हणजे ऐंशी पट, तेही एकाच गोळीने.

झाकण घट्ट आहे म्हणून निर्धास्त राहू नये. पत्र्याच्या ड्रमच्या झाकणाला रबर नसेल तर वायू बाहेर येतोच, आणि भिंतीच्या भेगांतून, माळ्याच्या फळ्यांमधून शेजारच्या खोलीत जातो. हवेपेक्षा थोडा जड असल्यामुळे जमिनीवर अंथरूण घालून निजणाऱ्यांना, विशेषतः मुलांना, आधी गाठतो.

वासावरही विसंबू नये. शुद्ध फॉस्फिनला वास जवळजवळ नसतो. लसणाचा किंवा कुजक्या मासळीचा वास येतो तो त्यातल्या इतर वायूंचा, आणि धान्य तो शोषून घेऊ शकते. वास गेला तरी वायू शिल्लक असू शकतो. त्यातून कोठीत सुके बांगडे असतील तर मग बघायलाच नको.

लक्षणे फसवी असतात : डोके दुखणे, मळमळ, उलटी, जुलाब, छातीवर दडपण, दम लागणे. घरातल्या सगळ्यांना एकदम त्रास झाला की दोष शिळ्या हुमणावर जातो आणि माणसे पुन्हा त्याच खोलीत जाऊन पडतात. फुप्फुसात पाणी होणे दोन-तीन दिवसांनीही उद्भवते, म्हणून ‘आता बरे वाटते’ यावर घरी बसू नका. यावर उतारा नाही. डॉक्टर श्वास, रक्तदाब आणि हृदय सांभाळतात, त्यासाठी वेळेवर पोचणे महत्त्वाचे. १०८ ला फोन करा आणि ‘फॉस्फाईडची गोळी’ हे शब्द स्पष्ट सांगा. गोळी पोटात गेली असेल तर ओकारी काढायला लावू नका, तोंडाने श्वास देऊ नका. त्या उलटीतूनही वायू निघतो.

एवढे करून सोंडे जातात का? बहुधा नाही. मोठे किडे लवकर मरतात, पण दाण्याच्या आतली अंडी आणि कोष चिवट असतात. त्यांच्यासाठी हवाबंद आच्छादनाखाली पाच ते सात दिवस वायू टिकून राहावा लागतो. झिरपणाऱ्या ड्रममध्ये तो टिकत नाही. पंधरवड्याने सोंडे परत हजर! म्हणून हे काम सरकारी यंत्रणा किंवा मान्यताप्राप्त तज्ज्ञांच्या देखरेखीखालील कीडनियंत्रकांचेच, असा नियम आहे. ३ ग्रॅमच्या दहा आणि वीस गोळ्यांच्या नळ्यांवर २००१ पासून पूर्ण बंदी आहे. पुडीत सुटी गोळी देणाऱ्याने वाचकांवर उपकार केलेले नाहीत.

प्रश्न : माळ्यावर अशाच गोळ्यांचा जुना डबा मिळाला. झाकण फुगल्यासारखे दिसते. विहिरीमागे खड्ड्यात टाकून पाणी ओतू का? (पेडणे)

उत्तर : मुळीच नको. पाणी पडले की वायू झपाट्याने निघतो आणि आपोआप पेटूही शकतो. हवेत त्याचे प्रमाण १.८ टक्क्यांच्या वर गेले की तो ज्वालाग्राही. त्यात विहीर जवळ. डबा उघडू नका, हलवू नका, माळ्याखालच्या खोलीत कोणाला जाऊ देऊ नका. अग्निशमन दल आणि विभागीय कृषी कार्यालय या दोघांना कळवा.

प्रश्न : कुळागरातल्या उंदरांसाठी मिळणारी काळी पूडही हीच का? (फोंडा)

उत्तर : भावंड. ती झिंक फॉस्फाईड. नुसत्या दमट हवेने ती सहसा उसळत नाही, पण पोटातल्या आम्लाने तोच फॉस्फिन सोडते. कुत्रा, मांजर, कोंबडी, सगळ्यांना सारखीच घातक. मेलेले उंदीर हातमोजे घालून खोल पुरा.

प्रश्न : मग तांदूळ टिकवायचे कसे? (डिचोली)

उत्तर : जमेल तितके भाताच्या रूपात ठेवा आणि महिन्यापुरतेच भरडून आणा, टरफल शाबूत असले की सोंड्यांना शिरणे कठीण जाते. दाणा दाताखाली कट्‌ असा तुटला पाहिजे, दबला तर ओल आहे. तांदूळ कडक उन्हात घालू नका, दाण्याला चिरा पडून शिजताना कणी होते, सावलीत पसरा. रबर असलेल्या झाकणाचा डबा काठोकाठ भरा. चवथीपुरते पाच-सहा किलो असतील तर घट्ट पिशवीत बांधून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवा, अंडीही मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच सोडू नका. ती खोलीइतकी कोमट होऊ द्या, नाहीतर गार दाण्यांवर हवेतले पाणी धरते आणि तांदळाला बुरशी येते.