विकारांची यादी पाठ करण्याआधी

सगळे मानसिक विकार पाठ करायला बसू नकोस. मी बसलो होतो. आठवडाभरात प्रत्येक लक्षण स्वतःतच दिसायला लागलं. नवशिक्यांचा हा ठरलेला आजार!

आधी एवढं पक्कं कर: वागणं विचित्र वाटलं म्हणून तो विकार ठरत नाही. त्रास किती, रोजच्या कामात अडथळा किती, किती काळ, हे बघायचं. नैराश्याचंच घे. डीएसएम, म्हणजे मानसिक विकारांच्या निदानाची पुस्तिका, तिच्यानुसार नऊपैकी किमान पाच लक्षणं, दोन आठवडे जवळपास रोज, आणि त्यांत उदास मन किंवा कशातच रस न वाटणं यांपैकी एक हवंच. दोन दिवस मूड गेला, झोप उडाली, एवढ्यावर भागत नाही.

हमखास होणाऱ्या चुका:

- डीएसएम आणि आयसीडी (सगळ्याच आजारांची यादी) यांची सरमिसळ. पहिली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेची, दुसरी जागतिक आरोग्य संघटनेची.
- यादी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ समजणं. समलैंगिकता डीएसएममध्ये विकार म्हणून होती. १९७३ साली ती वगळायचं ठरलं.
- नावालाच कारण मानणं. ‘उदास का? नैराश्य आहे म्हणून. नैराश्य कशावरून? उदास आहे म्हणून.’ यात कळलं काहीच नाही.

व्यक्तिमत्त्व विकारांचं प्रकरण सध्या उघडूच नकोस. तिथे डीएसएम आणि आयसीडी-११ यांच्या वाटाच वेगळ्या होतात.