न्यूट्रल तुटला, संगणक जळाला : भरपाई कोणाकडे मागायची?

प्रश्न : गेल्या महिन्यात एका संध्याकाळी आमच्या इमारतीत काही घरांतले दिवे लखलखले, तर काहींतले मिणमिणले. माझ्या संगणकाचा एसएमपीएस (आतला वीज पुरवणारा डबा), मदरबोर्ड आणि एसएसडी (डेटा साठवणारा भाग) गेली; शेजारच्या दोन घरांत टीव्ही आणि फ्रिज जळाले. वायरमनने ‘न्यूट्रल उडालाय’ (वीज परत नेणारी तार तुटलीय) म्हणत जोड दिला. वीज कंपनीचं उपविभागीय कार्यालय म्हणतं, स्टॅबिलायझर तुम्हीच लावायला हवा होता. संगणक २०२१ साली ५२ हजारांना घेतला होता, दुरुस्तीचा अंदाज ३१,४०० रुपये. मी घरून लोकांची आयकर विवरणपत्रं भरून देतो. तो डेटाही गेला. भरपाई मिळेल का?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : मिळू शकते, पण सगळी मदार न्यूट्रल नेमका कुठे तुटला यावर आहे. खांबावर किंवा खांबापासून इमारतीपर्यंतच्या सर्व्हिस वायरच्या जोडावर तुटला असेल, तर जबाबदारी कंपनीची. मीटर रूममधल्या पॅनेलचा नट ढिला होऊन जळाला असेल, तर कंपनी बहुधा सुटेल आणि दावा सोसायटीवर येईल. सर्वसाधारणपणे सीमारेषा मानली जाते ती इमारतीतल्या कंपनीच्या कटआउटची (फ्यूजच्या डब्याची) बाहेर जाणारी टोकं, मीटर नव्हे. लोक इथेच चुकतात.

एकाच वेळी काही दिवे प्रखर आणि काही मंद, ही तीन फेजच्या (तीन जिवंत तारांच्या) पुरवठ्यात न्यूट्रल सुटल्याची ठळक खूण आहे. न्यूट्रल गेला की दोन फेजमधली घरं ४०० व्होल्टवर एकामागे एक जोडल्यासारखी होतात आणि ज्या फेजवर भार कमी, तिथे दाब (व्होल्टेज) चढतो. तो ४०० च्या जवळ गेला तर शिखरमूल्य, म्हणजे दाबाचा क्षणिक उच्चांक, ५६५ व्होल्टपर्यंत जातं. एसएमपीएसमधले मोठे कपॅसिटर साधारण ४०० ते ४५० व्होल्टचे असतात, ते फुटतात. एमसीबी (आपोआप पडणारा सुरक्षा-स्विच) पडत नाही, कारण तो प्रवाह पाहतो, दाब नाही. आणि साधा घरगुती स्टॅबिलायझर एवढ्या दाबाला स्वतःच जळाला असता. कंपनीच्या त्या उत्तरात दम नाही. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार लघुदाब (घरगुती वगैरे) ग्राहकाला ठरलेल्या दाबाच्या वर-खाली ६ टक्क्यांच्या आत, म्हणजे २३० व्होल्टवर सुमारे २१६ ते २४४, पुरवठा देणं कंपनीचं काम आहे.

अडचण पुराव्याची. वायरमनने जोड दिला तेव्हाच मुख्य पुरावा गेला. आता तक्रार क्रमांक, जोडाचा कोणी काढलेला फोटो आणि त्या संध्याकाळचे सोसायटीच्या ग्रुपवरचे मेसेज जमवा. मेसेज दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं) प्रमाणपत्र लागतं. दोन्ही शेजाऱ्यांकडून तारीख-वेळेसह लेखी निवेदन घ्या. एकाच क्षणी तीन घरांत उपकरणं जळाली, हा तुमचा सर्वांत बळकट मुद्दा आहे. दुरुस्तीवाल्याकडून ‘अतिदाबामुळे निकामी’ असं लेखी घ्या आणि जळके भाग त्याच्याकडे ठेवू नका. कंपनी सरकारी मालकीची असेल तर १० रुपये शुल्क भरून माहितीच्या अधिकारात त्या दिवसाची तक्रार नोंदवही आणि वायरमनची कामाची नोंद मागा. जोड खांबावर दिला की पॅनेलमध्ये, हे त्यातून कळू शकतं.

मग उपविभागीय कार्यालयाला लेखी मागणी द्या आणि पोच घ्या. दाद मिळाली नाही तर दोन दारं आहेत : वीज कायदा २००३ च्या कलम ४२(५) खालचा ग्राहक तक्रार निवारण मंच आणि जिल्हा ग्राहक आयोग. दोन्हीकडे तक्रार करण्याची मुदत दोन वर्षांची. एकाच वेळी दोन्हीकडे जाऊ नका. मंच प्रत्यक्ष नुकसान देऊ शकतो, बुडालेलं उत्पन्न नाही. त्याचा आदेश पटला नाही तर ६० दिवसांत विद्युत लोकपालाकडे जाता येतं. आयोगात मनस्तापाचीही रक्कम मागता येते, पण तिथे तारखा लांबतात. ३१ हजारांच्या दाव्यासाठी मी मंचच निवडेन; वकील लावायची गरज नाही. आयोगात गेलात तर घरून व्यवसाय करता म्हणून तुम्ही ‘ग्राहक’ नाही, असा आक्षेप येईल. स्वयंरोजगारातून उपजीविका हा अपवाद २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २(७) च्या स्पष्टीकरणात आहे.

रकमेबद्दल फार आशा ठेवू नका. संगणकाच्या वयाची घट वजा होईल. डेटाच्या किमतीवर ‘बॅकअप का नव्हता?’ हा प्रश्न येणारच. त्यापेक्षा एसएसडीतून डेटा काढायला लॅबने लावलेलं बिल जोडा, ते मोजता येतं. घराचा विमा असेल तर विद्युत बिघाडाचं कलम आजच वाचा. विमा कंपनीला उशिरा कळवलं हे दावा नाकारण्याचं नेहमीचं कारण असतं.

नवा संगणक जोडण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून मेन स्विचजवळ जादा आणि कमी दाबाला पुरवठा तोडणारा प्रोटेक्टर बसवून घ्या. ‘सर्ज’ लिहिलेला एक्स्टेंशन बोर्ड इथे कामाचा नाही. तो क्षणभराचा झटका झेलतो, मिनिटभर टिकलेल्या ४०० व्होल्टला स्वतःच पेटतो.