पाचवीतल्या मुलाला अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी रोजच्या गोष्टींतून कशी शिकवू? पिझ्झा करून झाला, उपयोग नाही.

पिझ्झा सोडून द्या. त्याचे सगळे तुकडे सारखेच कापलेले असतात, मुलं 3 नि 2 पाच मोजतात नि मोकळी होतात. छेद वेगळे असले तर काय करायचं हा प्रश्नच तिथे येत नाही, आणि पोरं अडतात ती तिथेच.

माझे बाबा सुतार. भवानी पेठेत टिंबर मार्केटजवळ त्यांचं काम चालायचं, शाळा सुटली की मी तिथेच. सुतार लोक इंचाचे आठ भाग करतात, एका भागाला सूत म्हणतात. अर्धा इंच म्हणजे 4 सूत, पाव म्हणजे 2, पाऊण म्हणजे 6. मी पाचवीत असताना बाबांनी विचारलं, अगं, पाऊण इंची फळीवर 3 सुताची पट्टी मारायचीय, दीड इंची स्क्रू लावला तर पलीकडे किती निघेल? मी बोटांवर केलं, 6 नि 3 नऊ, दीड इंच म्हणजे 12, म्हणजे 3 सूत बाहेर. बाबांनी तो स्क्रू डब्यात टाकला नि एक इंची काढला. माझ्या हिशोबावर काम झालं, तो दिवस मी विसरलेले नाही.

त्याच वर्षी चाचणीत आलं 1/2 + 3/8. मी लिहिलं 7 सूत, शेजारी 7/8. बाईंनी शून्य दिलं, पायऱ्या कुठायत म्हणून, आणि वर्गासमोर म्हणाल्या, सुतारकाम घरी ठेवून यायचं. तो पेपर मी बाबांना दाखवलाच नाही, सही आईची घेतली.

आता धायरीत पंधरा वर्षं शिकवण्या घेतेय, आणि आजही सांगते, माझं उत्तर बरोबर होतं आणि रीतही बरोबर होती. 1/2 चे 4 सूत करणं म्हणजेच 4/8 करणं, त्यालाच छेद समान करणं म्हणतात. बाईंना हवा असलेला लसावि 8च येतो ना! म्हणून मुलाला लसावि आधी सांगू नका, आधी हातात इंचाच्या खुणांची टेप द्या नि विचारा, दोन्ही मापं पुरी मोजता येतील असा बारका तुकडा कोणता? तो त्याने स्वतः शोधू दे.

हां, सूत 2, 4, 8 पुरतंच चालतं. 1/3 आला की डझनभर केळी घ्या, 1/2 म्हणजे 6, 1/3 म्हणजे 4, झाली 10, म्हणजे 10/12, म्हणजे 5/6. मुलाने 2/5 लिहिलं तर रागावू नका, फक्त विचारा, अर्ध्यात अजून भर घातली तर अर्ध्यापेक्षा कमी कसं होईल? पाचवा हिस्सा आला तर तास घ्या, 60 मिनिटांत बरंच काही बसतं.

आणि पेपरात पायऱ्या लिहायला शिकवाच, मार्क जातात. पण माझ्या चाचणीत एखाद्याने नुसतं 7 सूत लिहिलं तर मी पूर्ण मार्क देते. त्यावरून दोन-तीन पालक भांडून गेलेत, तरी देते.