वाचकांचे प्रश्न : कोलोरॅडोच्या डोंगरात सहकुटुंब घोडेस्वारी

प्रश्न : जुलैत आम्ही मुलीकडे डेन्व्हरला जाणार आहोत. मुलगी, जावई, नऊ आणि चार वर्षांची नातवंडं आणि आम्ही दोघं साठीतले. एस्टिस पार्क या डोंगरातल्या गावी घोड्यावरून फिरायचं ठरतंय. माथेरानला घोड्यावर बसलोय, तेवढा अनुभव पुरेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : माथेरानला घोडेवाला लगाम धरून पायी चालतो, आपण नुसतं बसायचं. कोलोरॅडोत रँगलर, म्हणजे वाटाड्या, स्वतःच्या घोड्यावर पुढे असतो आणि प्रत्येकाचा लगाम ज्याच्या-त्याच्या हातात. म्हणून पहिल्या खेपेला एका तासाचीच रपेट घ्या. दोन तासांनी गुडघे आणि मांड्या भरून येतात, आणि उतरताना पाय जमिनीवर नीट टेकत नाहीत.

निघण्याआधी कुंपणातच घोडा थांबवायला शिका. लगाम कमरेच्या उंचीवर, हळू मागे ओढा. घोडा थांबला की लगेच सैल सोडा. ओढूनच धरला तर घोडा मान झटकतो किंवा मागे सरकू लागतो. वळवायला दोन्ही लगाम एका हातात धरून तो हात डावीकडे किंवा उजवीकडे न्यायचा. लगाम मानेला टेकला की घोडा वळतो.

नेहमी फसतं ते गवतापाशी. घाबरलेला माणूस खोगिराचा पुढचा खुंटा घट्ट धरतो आणि लगाम लोंबकळत सोडतो. घोडा मान खाली घालून चरायला लागतो, आणि लहान मूल लगामासकट पुढे ओढलं जातं. मान खाली जायच्या आतच लगाम आखूड घ्या. एकदा तोंड गवताला लागलं की मुलाच्या ताकदीने ते वर येत नाही. पुढच्या घोड्यापासून एका घोड्याएवढं अंतर ठेवा. फार जवळ गेलात तर पुढचा लाथ मारू शकतो. चढावर किंचित पुढे झुका, उतारावर ताठ बसून टाचा खाली दाबा.

चार वर्षांच्या नातवंडाला डोंगरवाटेवर सहसा नेत नाहीत. वयाची अट तबेल्यागणिक वेगळी, बहुतेक ठिकाणी सहाच्या पुढे. मांडीवर घेऊन बसायची आपली सवय तिथे चालत नाही, आणि ते योग्यच आहे : एका हातात मूल असेल तर लगाम कोण सांभाळणार? धाकट्याला कुंपणातल्या पोनीवर, कुणीतरी धरून चालवेल अशी फेरी मिळते का ते विचारा.

प्रश्न : बुकिंग करताना वजन का विचारतात? खरं सांगायलाच हवं का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : खरंच सांगा, कपड्यांसकट. ठोकताळा असा की खोगीर धरून ओझं घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत हवं. ५०० किलोच्या घोड्यासाठी ते १०० किलो, आणि तिथलं वेस्टर्न, म्हणजे काउबॉय पद्धतीचं, खोगीरच १५ किलोच्या आसपास. तुम्ही दहा किलो लपवलेत तर लहान घोडा वाट्याला येतो आणि त्याची पाठ दुखावते. खोगीर एका बाजूला घसरण्याचाही धोका वाढतो. अनेक ठिकाणी स्वाराच्या वजनाला १०० ते ११५ किलोंच्या दरम्यान मर्यादा असते.

दहा-पंधरा मिनिटांनी रँगलर पुन्हा तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळायला आला तर वैतागू नका. काही घोडे तंग बांधताना पोट फुगवून धरतात, चालू लागले की तो सैल पडतो.

प्रश्न : कपडे, बूट आणि वेळ? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : जाड, पूर्ण लांबीची पँट, पातळ लेगिंगने पोटऱ्या रिकिबीच्या (पाऊल ठेवायच्या कडीच्या) पट्ट्याला घासून सोलतात. ओढणी नको. बूट बंद आणि छोट्या टाचेचा, म्हणजे पाऊल रिकिबीतून आरपार जाणार नाही. रिकिबीवर चवडाच टेकवा. पाय अडकून पडलात तर घोडा फरफटत नेऊ शकतो. मोठ्यांनीही हेल्मेट मागून घ्यावं, सक्ती नसली तरी.

रपेट सकाळची घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी डोंगरावर विजांचा कडकडाट नित्याचा. पाऊस आला म्हणून घोड्यावर बसल्या बसल्या प्लास्टिकचा रेनकोट फडफडवू नका. त्या आवाजाने शांत घोडाही बिथरतो. रँगलरला सांगा, तो घोडे थांबवेल. एस्टिस पार्क सुमारे २,३०० मीटर उंचीवर आहे, हवा विरळ असते, म्हणून आदला दिवस डेन्व्हरला आरामात काढा आणि भरपूर पाणी प्या.

सही करायला देतात तो कागद वाचूनच सही करा. घोड्यांच्या स्वभावातल्या धोक्यांची जबाबदारी तबेला चालवणाऱ्यावर येत नाही, असा कोलोरॅडोचा कायदाच आहे आणि तशी पाटी तबेल्यावर लावलेली असते. प्रवासविम्यात घोडेस्वारी धरली आहे का, ते इथूनच विचारून निघा.