राष्ट्राचं ‘चारित्र्य’ की ‘स्वभाव’?

प्रश्न असा आलाय: ‘नॅशनल कॅरेक्टर’वरच्या लेखाचा अनुवाद करताना मी ‘राष्ट्रीय चारित्र्य’ लिहिलं. सासूबाईंना वाचून दाखवलं, तर त्या म्हणाल्या, “भ्रष्टाचारावर आहे का गं?” दुसरा शब्द आहे का?

सासूबाईंचा कान पक्का आहे. मराठीत चारित्र्य एकतर शुद्ध असतं, नाहीतर त्यावर शिंतोडे उडतात. नोकरीसाठी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी होते, तेव्हा तुम्ही अबोल की बडबडे हे कुणी विचारत नाही. हिंदीवाले ‘राष्ट्रीय चरित्र’ म्हणून मोकळे होतात, पण आपल्याकडे चरित्र टिळकांचं असतं, फुल्यांचं असतं.

मी ‘राष्ट्रस्वभाव’ सुचवेन. अर्थ लगेच पोचतो. फक्त त्याच्या पाठोपाठ ‘स्वभावाला औषध नाही’ येतं, म्हणजे जे आहे ते कायमचं. इंग्रजी शब्दातही तीच खोड आहे, कारण त्याच्या ग्रीक मुळाचा अर्थ कोरलेला ठसा, नाण्यावर असतो तसा. गंमत म्हणजे आपण नाकारलेल्या ‘चारित्र्या’च्या मुळाशी ‘चर्’ हा धातू आहे: चालणं, वागणं. अभ्यासाला हेच मूळ जास्त उपयोगी.

विरार लोकलमधली चौथी सीट आठवा. तिघांच्या बाकड्यासमोर उभं राहून नुसता हात हलवला, की मोबाइलमधून मान वर न काढता तिघं सरकतात. चौथा अर्धा बाकावर, एक पाय बाहेर. यावरून ‘मुंबईकर मुळातच सांभाळून घेणारा’ असं लिहायला आपण मोकळे. पण तोच गृहस्थ लांबच्या गाडीत आरक्षित जागेवर बसला, की तसूभर हलत नाही. स्वभाव तोच, माणूस तोच, गाडी बदलली. २६ जुलै २००५ च्या पावसानंतर ‘मुंबई स्पिरिट’चं जे कौतुक झालं, तेही मला असंच घाईचं वाटतं.

अभ्यासकांचीही इथे फसगत झाली आहे. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ रूथ बेनेडिक्ट यांनी जपानमध्ये पाऊल न ठेवता, अमेरिकेतल्या जपान्यांशी बोलून आणि मिळेल ते वाचून १९४६ साली जपान्यांवर पुस्तक लिहिलं. ते गाजलं आणि त्यावर टीकाही भरपूर झाली. पुढे २००५ साली ४९ संस्कृतींची पाहणी प्रसिद्ध झाली. ‘आमचा माणूस साधारण असा’ हे लोकांचं म्हणणं एकीकडे, आणि प्रत्यक्ष माणसांच्या स्वभावाच्या मोजणीची सरासरी दुसरीकडे. दोन्हींचा मेळ बसला नाही. ‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ म्हणणाऱ्यांना यात नवल वाटू नये.

तेव्हा लेखक समजुतीबद्दल बोलत असेल तिथे ‘राष्ट्रस्वभाव’ लिहा, निरीक्षणाबद्दल बोलत असेल तिथे सरळ ‘लोकांचं वागणं’. ‘बाणा’ मात्र नको. तो आपण आपल्याबद्दलच, छाती फुगवून वापरतो. नवा मसुदा सासूबाईंना वाचून दाखवा आणि काय म्हणाल्या ते कळवा.