विचारा की! : पंधरा वर्षांची पोरगी आणि डिस्कोचा ठेका

प्रश्न (शहापूर, बेळगाव) : मामाच्या जुन्या कॅसेटींच्या खोक्यात नाझिया हसनची 'डिस्को दीवाने' सापडली. आई म्हणते तेव्हा जिथंतिथं हेच वाजायचं. मी ऐकली, आवाज एकदम साधा, ना हरकत ना मुरकी. मग एवढं कौतुक कशाचं?

उत्तर : साधा आहे म्हणूनच की हो! १९८१ साल डोळ्यासमोर आणा, बाईचा आवाज म्हटलं की लताबाई नाहीतर आशाबाई, आणि आपल्या भागात तर कान नाट्यगीतांवर पोसलेले, कुमार गंधर्व इथल्याच सुळेभावीचे, तान घसरली तर मागच्या रांगेतला माणूस पण मान हलवायचा थांबणार. त्यात ही कराचीत जन्मलेली, लंडनला वाढलेली पोरगी. १९८० ला 'कुर्बानी'तलं 'आप जैसा कोई' तिचं, वय १५, त्यावर फिल्मफेअर मिळालं आणि पुढच्याच वर्षी भाऊ झोहेबला सोबत घेऊन हा पहिला अल्बम. मागं सिनेमा नाही, पडद्यावर हिरॉईन नाही, नुसती गाणी, आणि ती लोकांनी डोक्यावर घेतली.

यामागचं डोकं संगीतकार बिद्दूचं. हा मूळचा बंगळूरचा, म्हणजे आपल्याच राज्यातला, लंडनला गेला आणि १९७४ ला कार्ल डग्लसचं 'कुंग फू फायटिंग' हे गाणं करून जगभर गाजवून मोकळा. (अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' पण त्याचंच, १९९५ चं.) नाझियाला दुसरी लताबाई करायचा प्रयत्न त्या कॅसेटवर कुठंच ऐकू येत नाही. 'आप जैसा कोई'त तर तिचा आवाज दोनदा रेकॉर्ड करून एकावर एक बसवलाय, हेडफोन लावून ऐका, शब्दांच्या कडा जराशा पसरट लागतात, आवाज जाड होतो पण वय काही लपत नाही. हीच मजा आहे. अल्बममधली दोनतीन गाणी मला भरतीची वाटतात, खोटं कशाला बोलू, पण 'आओ ना' लागलं की मी अजून काम सोडून बसतो.

प्रश्न (निपाणी) : गणपतीच्या मिरवणुकीत डॉल्बी लागली की बाबा म्हणतात हे गाणं नव्हे, धडधड आहे. डान्सच्या सगळ्या गाण्यांचा ठेका एकच असतो काय?

उत्तर : बाबा निम्मे बरोबर. डिस्कोपासून चालत आलेली पद्धत अशी की मोठा ड्रम चारही मात्रांवर सारखाच पडतो, मिनिटाला १२० च्या आसपास, म्हणजे सेकंदाला दोन, आणि दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत झांजेचा 'च्यक्' येतो. पाय हलवतो तो हा 'च्यक्', नुसत्या ठोक्यावर माणूस कवायत करेल! डॉल्बीवर खालचा दणका एवढा वाढवतात की मधलं सगळं बुडून जातं, मग बाबांना धडधडच ऐकू येणार. तेच गाणं घरी बारीक आवाजात लावून द्या त्यांना.

प्रश्न (खानापूर) : भाची पीयूसी फर्स्ट इयरला, म्हणजे अकरावीला आहे, छान गाते, डान्सच्या गाण्यांचा अल्बम काढायचाय म्हणते. ओळखीतला एकजण पैसे घेऊन सगळं करून देतो म्हणतोय, फक्त एका कागदावर सही पाहिजे. देऊ काय?

उत्तर : सही आधी नकोच. पोरगी १८ च्या आतली, तिनं केलेला करार कायद्यानं टिकत नाही, म्हणून तो माणूस आईवडिलांचीच सही मागणार, आणि अडकणार पण तेच. कागदावर चाल कुणाची, शब्द कुणाचे आणि रेकॉर्डिंग कुणाचं हे तिन्ही वेगवेगळं लिहिलेलं आहे काय बघा, कारण हे तीन हक्क वेगळे असतात. चाल किंवा शब्द भाचीचे असतील तर कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर रॉयल्टीतला तिचा वाटा सहजासहजी लिहून घेता येत नाही, 'सगळे हक्क कायमचे आमचे' असं वाक्य दिसलं तर तिथंच थांबा आणि बेळगावात एखाद्या वकिलाला दाखवा, दोनपाचशे गेले तर गेले. आणि अल्बम कशाला लगेच, आधी एकच गाणं करा. मोबाईलवर क्लिक (ताल मोजणारी टकटक) लावून तालात गायला शिकू दे, डान्सच्या गाण्यात सूर थोडा हलला तर मशीनवर सावरता येतो पण ताल सुटलेली पोरगी लगेच कळते. आणि रिअ‍ॅलिटी शोमधल्या कुणाची नक्कल करत असेल तर ती तेवढी बंद करायला सांगा, मामाचं ऐकतील पोरं.